सेंटर हाफ दाजीसाहेब

माझ्या लग्नाच्या पंगतीत दाजीसाहेब मोहित्यांनी वाढप्यांना जागा नेमून दिल्या होत्या. भातवाला मागं, वरणवाला मधे आणि जिलबीचे दोघं दोन कडांना. जिलबी मधे घुसली की हे पाटावरूनच ओरडायचे, "भिया, आपली कड सोडू नको." भिया म्हणजे भाऊ; माळव्यात सगळेच भिया. सासरेबुवांनी मला हळूच विचारलं, हे तुमचे कोण? मी म्हणालो, आमच्या फुटबॉल क्लबचे कोच. त्यावर सासरेबुवांनी मला पुन्हा एकदा नखशिखांत बघून घेतलं.

देवास संस्थानाच्या दोन्ही पात्या, थोरली आणि धाकटी, तेव्हा नुकत्याच भारतात विलीन झाल्या होत्या. तोवर एका गावात दोन गाद्या, दोन दरबार आणि अर्थातच दोन फुटबॉल टीम. दाजीसाहेब थोरल्या पातीचे सेंटर हाफ. दरबार गेले तशा टीमही गेल्या. दाजीसाहेबांना बांधकाम खात्यात चिकटवण्यात आलं, पण तिथं ते नुसते बसायला जात. बायको लवकर वारलेली, मूलबाळ नाही. त्यांनी दोन्ही पात्यांचे उरलेसुरले खेळाडू गोळा केले आणि क्लब काढला. मी कोर्टात कारकून. शाळेत असताना थोडंफार खेळलो होतो, तेवढ्या गुन्ह्यावर मलाही धरून नेलं.

पहाटे दारावर थापा पडायच्या. मैदानावर गेलं तर चेंडू नाही. कित्येक आठवडे आम्ही चेंडूवाचून खेळलो. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "पाय तर बैलालाही असतात भिया. आधी बघायला शिक."

शेवटी चेंडू आला, तर थोरल्या पातीचा माणूस धाकट्या पातीवाल्याला तो देईना. दाजीसाहेबांनी शिक्षा काढली. ज्याला पास दिला नाही, त्याच्या घरी संध्याकाळी न बोलावता जेवायला जायचं. एका संध्याकाळी आमचा लेफ्ट आउट दारात येऊन उभा राहिला आणि माझ्या बायकोला म्हणाला, "वहिनी, मी सकाळी ह्यांना पास दिला नाही." तिनं निमूट त्याला वाढलं. तो गेल्यावर मला विचारलं, क्लबात एकंदर माणसं किती आहेत?

दर हिवाळ्यात आमची धारेला मॅच असे आणि दर हिवाळ्यात आम्ही हरत असू. हरण्याचं काही वाटत नसे, सवय होती. वैताग यायचा तो पुढंच. मॅच संपली की दाजीसाहेब गायब. आम्ही घामेजलेल्या अंगानं थंडीत कुडकुडत बसमध्ये बसून राहायचो. मग हे सावकाश यायचे, कुठं गेलो होतो ते सांगायचे नाहीत, आणि देवास येईपर्यंत आमच्या चुका सांगत राहायचे.

एका वर्षी मात्र अघटित घडलं. मॅच संपत आली तरी गोल कुणाचाच नव्हता. चेंडू माझ्याकडे आला. दाजीसाहेब बाहेरून घसा फोडत होते, पास दे, पास दे. मी डोळे मिटून लाथ घातली. डोळे उघडले तर चेंडू जाळ्यात. धारेत आम्ही पहिल्यांदा जिंकलो होतो. पोरांनी मला खांद्यावर घेतलं. दाजीसाहेब, नेहमीप्रमाणे, गायब.

ड्रायव्हर भोंगा वाजवून थकला, तेव्हा त्यांना शोधायला मला पाठवलं. एका चहावाल्यानं घर दाखवलं, अप्पा निंबाळकरांचं. अप्पा म्हणजे धारेचे जुने सेंटर फॉरवर्ड. धारेचा क्लब त्यांनीच उभा केला, आणि आता अर्धांगवायूनं खाटेला खिळले होते. दाजीसाहेब उशाशी बसून चादरीवर सुपाऱ्या मांडत होते.

"मग तुझा फॉरवर्ड सुटला, अप्पा. आमचा हाफ उभा राहून बघतोय. आणि तुझ्या पोरानं असा मारला, की आमच्या गोलकीपरला वारासुद्धा लागला नाही."

तो गोल माझा होता. अप्पांचा अर्धा चेहरा हसत होता. दाजीसाहेबांनी मला दारात पाहिलं.

"हा बघ आमचा वसंता. सांग ह्याला, कसा मारला."

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. पण अप्पांनी मान माझ्याकडे वळवली, त्याला त्यांना बराच वेळ लागला. मी म्हणालो, आम्ही हरलो. आणि तो गोल माझ्याइतका नीट कुणालाच ठाऊक नसल्यामुळे मी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातवारे करून सांगितला.

बाहेर आल्यावर मात्र मी भडकलो. म्हटलं, उद्या त्यांच्याच क्लबातली पोरं येऊन खरं सांगतील, मग?

"त्यांना सांगून ठेवलंय मी," दाजीसाहेब म्हणाले. "जवानी सगळी ह्याच्या पाठीमागं धावण्यात गेली, वसंता. आता तो पडून आहे, तर त्याच्या पुढं जाऊ?"

मग बसमध्ये चढले आणि देवासपर्यंत मला ऐकवत राहिले, की पास द्यायला हवा होता.

अप्पा त्या पावसाळ्यात गेले. पुढच्या हिवाळ्यात धारेनं आम्हाला सडकून हरवलं. मैदानातून निघालो आणि आता किती वेळ बसावं लागणार म्हणून मी सवयीनं मनातल्या मनात चरफडत होतो. बसपाशी येऊन पाहतो, तर दाजीसाहेब आमच्या आधीच आत बसलेले. धारेची पोरं ह्या खेपेला खरोखर जिंकली होती, आणि ते सांगायला जावं असं धारेत आता कुणी नव्हतं.