निकमकाकांची पाचवी ओळ

आमचे शेजारी निकमकाका घरात आलेल्या प्रत्येक नव्या यंत्राची जुन्या यंत्रांशी रीतसर ओळख करून देत. मिक्सर आणला तेव्हा तो फ्रिजसमोर धरून ते म्हणाले, "हे आपल्याकडचे ज्येष्ठ. यांच्यासमोर फार घरघर करायची नाही."

काकांची नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, मीटर दुरुस्त करण्यात गेली होती. निवृत्तीनंतर गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमधल्या प्रत्येक यंत्राला त्यांनी दोऱ्याने पुठ्ठ्याचे कार्ड बांधले. त्यावर चार ओळी: मी कोण, मला काय कळते, मी कसे सांगतो, कुणाचे ऐकतो. "त्यांचं भांडण नाहीये गं, ओळख नाहीये," हे त्यांचे लाडके वाक्य.

मी तेव्हा एम.ई. करत होते. निरनिराळ्या यंत्रांना एकमेकांचे म्हणणे अर्थासकट कळावे, म्हणून सामाईक शब्दसंग्रह रचणे हा माझा प्रकल्प. काका तेच पुठ्ठ्यावर करून मोकळे झाले होते. मला कुतूहल वाटले, थोडा मत्सरही.

काकांच्या पत्नी सुमनकाकूंना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. दाराची घंटा वाजली की स्वयंपाकघरातला दिवा लुकलुकावा, कुकरची शिट्टीही तशीच कळावी, एवढेच काकांना हवे होते. मी एक माइक आणि दिवा संगणकाला जोडला, कार्डे त्यात उतरवली आणि घंटा व शिट्टी, दोन्ही एकाच वर्गात टाकल्या: आवाज.

कुकरने तीन शिट्ट्या दिल्या. काकूंनी तीनदा दार उघडले.

"कुणी नाही हो दारात," त्या म्हणाल्या. तोवर वरण करपले होते.

काका माझ्याकडे वळले. "मॅडम, आवाज झाला हे भिंतीलाही कळतं. कशासाठी झाला, ते लिहा की."

मी प्रत्येक कार्डावर पाचवी ओळ वाढवली: कशासाठी. दारासाठी दिवा दोनदा लुकलुकायचा, कुकरसाठी तीनदा. आता वरण शाबूत राहू लागले.

काकांनी ती ओळ भरून दिलेली कार्डे तपासताना तळाशी एक अनोळखी कार्ड निघाले. निकम. कळते: मीटर. सांगतो: बोलून. ऐकतो: सुमनचे. आणि पाचव्या ओळीत, पेन्सिलीने: काही नाही. मी घरात आहे, एवढेच.

 मी काकांच्या खुर्चीच्या हाताला त्याच दिव्याचे एक बटण बसवून दिले.

काकांनी ते दाबले. दिवा एकदाच लागला आणि विझला. एकदा म्हणजे काय, हे काकूंना सांगायचे माझ्याकडून राहूनच गेले होते. त्या पोळी लाटत होत्या. मागे वळून न पाहता त्यांनी पिठाचा हात वर केला.