वीरभद्रप्पाचा संगमरवर

साडूच्या घरी मोझॅकच्या फरश्या बसल्या आणि सोलापुरातला सरकारी कारकून वीरभद्रप्पा याला आपल्या माडीवरची खडबडीत काँक्रीटची जमीन एकाएकी बघवेना. त्यात रविवारी साडू सहकुटुंब जेवायला येणार. सिमेंटला परमिट लागे. मूर्तिकार वापरतात ते प्लास्टर मात्र बाजारात सहज मिळे. वीरभद्रप्पाने पोतीच आणली.

"थांबा, आधी झाडून घेते," बायको दाक्षायणी म्हणाली.

"वरून झाकलंच जाणार की! झाडून कुणाला दाखवायचंय?"

संध्याकाळपर्यंत जमीन अशी चकचकली की विचारू नका. (वीरभद्रप्पाने तिच्यात बघून भांगसुद्धा पाडला.) पण मे महिन्याचं ऊन खिडकीतून आत आलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जमिनीवर भीमा, सीना आणि त्यांच्या सगळ्या उपनद्या उमटल्या. भेगाच भेगा!

"पाया खचला!" वीरभद्रप्पा जिना उतरून खालच्या नबीसाबकडे धावला. "उठा, घर पडतंय!"

टेम्पो चालवून दमलेल्या नबीसाबने पडल्या पडल्याच वर बघितलं. "माझं छत तर साबूत हाय की. ते फुटलं असतं, तर तुमी जिन्यानं कशाला आला असता?"

तरी बिचारा वर आला. दोघे रांगत, जमिनीला कान लावून लाटण्याने ठोकू लागले. भेगांपाशी बद्दबद्द आवाज येई.

"आत पोकळ हाय!" वीरभद्रप्पाचा चेहरा पडला. "खाली भुयार असणार!"

"खाली मी ऱ्हातो," नबीसाब म्हणाला.

दाक्षायणीने एका भेगेत उलथनं सरकवलं आणि भाकरी उलटावी तसा प्लास्टरचा पापुद्रा उलटला. पाठीला धुळीचा जाड थर.

"काँक्रीट जागच्या जागी हाय," ती म्हणाली. "तुमचा संगमरवर केरावर बसलाय. केराला धरून कोण ऱ्हाईल?"

शनिवारभर वीरभद्रप्पा पापुद्रे खरवडत होता आणि दाक्षायणी ते खलबत्त्यात कुटत होती. कशाला, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

रविवारी साडू आणि त्याची बायको रुद्राणी दारातच थबकले. उंबऱ्यापुढे रांगोळी होती, पांढरीशुभ्र.

"अगं, काय उजळ हाय गं!" रुद्राणी बहिणीला म्हणाली. "कुटनं आणलीस?"

"घरचीच. ह्यांनी केली."

"आमाला पण द्या की थोडी," साडू म्हणाला. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने वीरभद्रप्पाकडे काही मागितलं होतं. वीरभद्रप्पाची मान ताठ झाली. तेवढ्यात दाक्षायणी म्हणाली,

"थोडी कशाला? पोती न्या. अख्ख्या खोलीची हाय!"