खालचा गार्टर

आर्लीनच्या हाताखाली एखादं लग्न बिघडलं, असं विस्कॉन्सिनमधल्या त्या गावात कुणी म्हणून तर दाखवावं! अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जेवढ्या म्हणून लग्नाच्या मेजवान्या होत, त्यांचं स्वयंपाकघर तिच्याच ताब्यात. केक कलंडला, बँडवाला आधीच झिंगला, व्याही एकमेकांच्या अंगावर धावून गेले, सगळ्यावर तिच्याकडे उपाय तयार!

आणि आता तर तिच्या जोडी नावाच्या लेकीचंच लग्न होतं. भरीस भर म्हणजे रोलँड येणार होता, त्याच्या त्या नव्या मैत्रिणीला, कॅन्डेसला घेऊन. घटस्फोटानंतर आर्लीन आणि रोलँड पहिल्यांदाच अख्ख्या गावासमोर एका छपराखाली येणार होते. नवरा गेला तो गेला, पण लग्न कसं त्याच्या नाकावर टिच्चून पार पडलं पाहिजे!

तिला काळजी एकाच गोष्टीची होती, गार्टरची. नवरीच्या मांडीवरचा तो लेसचा पट्टा नवरदेवानं भर हॉलमध्ये उतरवायचा आणि सड्या पुरुषांच्या घोळक्यात भिरकावायचा. म्हणून शहाण्या घरच्या नवऱ्या दोन घालतात, एक फेकायला आणि एक जपायला. फेकायचा दुकानातून आणलेला होता, फुटबॉल संघाच्या हिरव्या-पिवळ्या रंगाचा. जपायचा होता निळ्या रेशमाचा, आर्लीनच्या आईनं हातानं शिवलेला. आर्लीननं स्वतःच्या लग्नात तोच घातला होता. तेव्हा रोलँडनं तो उतरवला खरा, पण फेकलाच नाही. "हा मी कुणाला देत नाही, जा!" म्हणून त्यानं कोटाच्या आतल्या खिशात घातला आणि अख्खा हॉल टाळ्या पिटत राहिला. आईच्या हातची तेवढी एकच वस्तू आता उरली होती, आणि ती जोडीकडे जायची होती.

"आई, याचं इलॅस्टिक गेलंय गं. घसरतोय," जोडी कुरकुरली.

"मग काय आजीचे टाके उसवू?"

"निदान पिन तरी लाव."

"रेशमाला भोक पाडू? काही नको. हा वर चढव, दुकानातला त्याच्या खाली. जाईल कुठं घसरून?"

मग तिनं कर्टिसला, होणाऱ्या जावयाला, कोपऱ्यात घेतलं. "नीट ऐक. दोन आहेत. खालचा काढायचा. आभाळ कोसळलं तरी खालचा!"

"खालचा," कर्टिस म्हणाला. गुणी पोरगा. चर्चच्या पायरीवर तिनं पुन्हा विचारलं, तेव्हाही म्हणाला, "खालचा."

आता इतकी तयारी केल्यावर घोडं कुठं अडावं? पोल्काच्या नाचात! जोडी या काकाकडून त्या मामाकडं अशी गरगर नाचली की हॉलची फरशी हादरली. आत झग्याखाली म्हाताऱ्या इलॅस्टिकनं हात टेकले. निळा गार्टर हिरव्या-पिवळ्याला ओलांडून सुखरूप खाली, गुडघ्याशी येऊन बसला. नवरीला नाचण्याच्या नादात पत्ताही नाही!

तेवढ्यात अकॉर्डियन वाजवणारा वॉली माइकमधून ओरडला, "सगळ्या सड्या बायका पुढं या!" जोडीनं पाठमोरी होऊन पुष्पगुच्छ उडवला. तो छताच्या पंख्याला थडकला आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या आर्लीनच्या ट्रेमध्ये थेट हॅमवर येऊन पडला.

"आर्लीननं झेलला!"

"मी नाही, हॅमनं झेललाय!" आर्लीन ओरडली. पण ऐकतो कोण?

मग मधोमध खुर्ची मांडली. जोडी बसली, कर्टिस झग्यात शिरला आणि दातात गार्टर धरून बाहेर आला. तो निळा होता!

"कर्टिस! थांब!" आर्लीननं बोंब ठोकली. कर्टिसला वाटलं, सासूबाई जोर देतायत. त्यानं आणखी ताकदीनं फेकला!

सडे पुरुष कसले झेलतायत! अंगावर पाल पडावी तसे सगळे बिअर सांभाळत मागं सरले. गार्टर त्यांच्या डोक्यांवरून गेला आणि ब्रँडीची वाट बघत उभ्या असलेल्या रोलँडच्या खांद्यावर अलगद बसला.

"रोलँड! तू पण सडाच की रे!" वॉलीला ऊत आला. "मग रिवाज तो रिवाज. फुलं जिच्याकडे, तिच्या पायात चढव!"

मग कुणीतरी चमच्यानं ग्लास वाजवला, आणि सगळेच वाजवायला लागले.

"जा की," कॅन्डेस म्हणाली. "मला काय त्याचं!" तिचे ओठ मात्र आवळलेले.

रोलँड कटकट वाजणाऱ्या गुडघ्यांवर बसला. हॅमचा वास मारणारी फुलं मांडीवर घेऊन खुर्चीत बसवलेली आर्लीन त्याच्या टकलाकडं बघत राहिली. खरं सांगायचं तर आता तिला गार्टर नकोच होता. फक्त त्यानं तो ओळखावा! "अगं, हा तर..." एवढंच म्हणावं. इतक्या वर्षांच्या संसाराचं तेवढं व्याज मिळालं तरी पुरे होतं.

रोलँडनं गार्टर बोटांत फिरवला. डोळ्यांजवळ नेला. थबकला. आर्लीन खुर्चीतून पुढं झुकली.

"आर्लीन," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"कुठून आणलात हा? इलॅस्टिक पार मेलंय. दुकानदारानं टोपी घातली तुम्हाला!"

त्यानं तो चढवला. गार्टर घोट्यावर. पुन्हा चढवला, पुन्हा घोट्यावर. हॉल हसून हसून लोळायचा बाकी. शेवटी रोलँडनं दोन्ही बाजू धरून कचकन गाठ मारली, आणि आजीचे टाके टरकन उसवले.

"आता बसला बघ," तो म्हणाला आणि ब्रँडी घ्यायला निघून गेला.

जोडी धावत आली. आईच्या पायातली चिंधी बघून तिचा चेहरा उतरला. मग तिनं स्वतःच्या मांडीवरचा हिरवा-पिवळा काढून पुढं केला. "जाऊ दे आई. माझ्या पोरीला हा देऊ. याचं इलॅस्टिक तरी धड आहे."

मागोमाग पांढराफटक पडलेला कर्टिस आला. "आई, शपथेवर सांगतो, मी खालचाच काढला! तुम्ही म्हणालात तस्साच!"

आर्लीननं आधी पायातली गाठ सोडवली. मग हॅममध्ये रुतलेल्या पाकळ्या वेचून काढल्या, ट्रे उचलला आणि जावयाच्या हातात दिला.

"हो रे बाबा," ती म्हणाली. "माझं म्हणणं लक्षात ठेवणारा एक पुरुष आयुष्यात भेटला. तोही नेमका आजच भेटायचा होता! जा, आधी त्या कॅन्डेसला वाढ."