अ‍ॅसिडवाले देवरावकाका

देवरावकाका अ‍ॅसिडला ‘जवाईबापू’ म्हणतात. थट्टेने नाही, मनापासून. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा निळा कॅन मोटारसायकलवरून उतरवताना ते दोन्ही हात लावतात आणि हळूच म्हणतात, ‘या बापू, उतरा.’ मग कॅन सावलीत जातो. त्याच्याखाली पोतं अंथरलं जातं. त्याच्याकडे पाठ करून कोणी उभं राहिलेलं काकांना चालत नाही.

मी अमरावतीला बी.एस्सी. करते. राजापेठेत एका खोलीत आम्ही तिघी मुली राहतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. एखाद्या माणसाबद्दल कसं लिहावं हे मला नीट माहीत नाही, पण काकांबद्दल लिहिल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

वरूडजवळ आमची तीन एकर संत्र्याची बाग आहे. बागेला ठिबक आहे आणि बोअरचं पाणी जड आहे. नळ्यांमध्ये पांढरा क्षार साचतो आणि झाडाच्या बुडाशी थेंब पडेनासा होतो. मग पाण्यात अ‍ॅसिड कालवून ते नळ्यांत सोडायचं, एक दिवस तसंच बंद ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोकं उघडून सगळं धुवून काढायचं. हे काम काका करतात. त्यांचं गाव अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं, पण हंगामात ते आमच्या भागात बागाबागांतून फिरतात.

भर मे महिन्यात त्यांच्या डोक्यावर पुढे काच असलेलं हेल्मेट, अंगात रेनकोट आणि हातात कोपरापर्यंत रबरी मोजे असतात. आईने त्यांना पहिल्यांदा या वेषात पाहिलं तेव्हा ती घरात जाऊन कडी लावून बसली होती. कॅनचं झाकण उघडलं की तोंडाशी पांढरा धूर दिसतो. काका एक पाऊल मागे सरतात आणि म्हणतात, ‘थांबा जरासे. बापू बिडी ओढून राह्यले.’

त्यांचा सगळ्यात मोठा नियम आम्हाला कॉलेजात पहिल्याच दिवशी शिकवला होता. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. काका तो असा सांगतात : ‘जवाई पान्याच्या घरी जाते. पानी जवायाच्या घरी गेलं का तमाशा व्हते.’ मला सरांपेक्षा हे जास्त लक्षात राहिलं.

क्षार बसलेली ठिबकची एखादी तोटी ते वाटीभर पातळ अ‍ॅसिडमध्ये टाकतात आणि लांबूनच मान वाकडी करून ऐकतात. फसफस सुरू झाली की बोटाने आम्हाला गप्प करतात. ‘बापू जेवाले बसले.’ फसफस थांबली की जेवण झालं, तोटी मोकळी. शेजारच्या बागवाल्याने एकदा संडास धुवायला बाटलीभर मागितलं, तर काका दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, ‘तुमच्या जवायाले लावता काय असे कामं?’

मी रसायनशास्त्र शिकते हे कळल्यापासून ते मला ‘प्रोफेसरबाई’ म्हणायला लागले. एकदा त्यांनी विचारलं, ‘प्रोफेसरबाई, हे बनते तरी कायचं?’ मी अडखळत सांगितलं, की मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन आणि हायड्रोजन असे दोन वायू मिळतात. ते कारखान्यात एकत्र जाळले की जो वायू तयार होतो, तो पाण्यात विरघळवला की हे अ‍ॅसिड.

‘मिठाचं?’ काका म्हणाले. ‘आपल्या खायाच्या?’

‘हो.’

‘म्हंजे मी जन्मभर जवायाच्याच गावात राह्यलो.’ ते हेल्मेट काढून बांधावर बसले. त्यांच्या गावच्या विहिरींना खारंच पाणी लागतं.

मग मी उत्साहात येऊन सांगितलं, की हेच अ‍ॅसिड थोडं आपल्या पोटातही असतं, त्यानेच जेवण पचतं. त्यांनी पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. ‘आता समजलं,’ ते म्हणाले, ‘मले उपास काहून जमत नाही.’ ही बातमी त्यांनी आठवड्याभरात सगळ्या बागांमध्ये पोचवली. लोक माझ्याकडे येऊन खरं-खोटं विचारून जायचे.

या उन्हाळ्यात मी दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन घरी आले. बाबांनी मला दोनच वर्षांचा शब्द दिला होता. तिसऱ्याचं विचारलं तेव्हा म्हणाले, ‘तुयी केमिस्ट्री मले वावरात दिसू दे, मंग पाहू.’ त्यांचंही चुकत नव्हतं. माझ्या वह्यांमधलं काही त्यांना कधी दिसलंच नव्हतं.

त्यामुळे काका कामाला आले त्या दिवशी मी त्यांच्या मागेमागेच होते. ठिबकच्या पाण्याच्या टाकीत शेवाळ झालं होतं. शेवाळावर ब्लिचिंग पावडर चालते हे मला माहीत होतं. मी ठरवलं, दोन्ही कामं एकाच दिवशी करून दाखवायची. काका नळीच्या पार टोकाला, शेवटच्या तोटीशी लिटमसचा कागद धरून बसले होते. बाबा माझ्याकडे पाठ करून फिल्टर धूत होते. मी ब्लिचिंग पावडर कालवायला ड्रम घेतला. त्याच्या तळाशी पाणी दिसलं, मी त्यातच पावडर ओतली.

ते पाणी नव्हतं. काकांनी कालवलेल्या अ‍ॅसिडमधलं उरलेलं होतं.

ब्लिचिंग पावडर आणि हे अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हे समीकरण मी परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. ड्रममधून हिरवट-पिवळा धूर वर आला तेव्हा ते मला आठवलं. बाबा खोकत खाली बसले. माझे डोळे मिटले. नंतर एवढंच आठवतं, की रेनकोटमधला एक हात माझ्या दंडाला लागला आणि कोणीतरी आम्हा दोघांना वाऱ्याच्या उलट्या बाजूला ओढत नेलं.

बाबांना बोलता यायला बराच वेळ लागला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला, ‘कोनं टाकलं ते?’

मी तोंड उघडलं होतं.

‘म्या टाकलं भाऊ,’ काका म्हणाले. ‘टाकलं अन् तिकडं गेलो. ध्यानातच नाही राह्यलं.’ मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘जा वं पोट्टे, बाबाले पानी आन.’

मी पाणी आणायला गेले. परत आले तोवर बाबा त्यांना म्हणत होते, ‘बारा वर्सं झाले तुले हे काम करून. आता आमच्या धुऱ्यावर दिसू नको.’ काका कॅन गाडीला बांधत होते. त्या दिवशी ते कॅनशी काही बोलले नाहीत.

गोष्ट गावभर झाली. शेजारच्यांनी दुसरा माणूस बोलावला, त्यांच्या पलीकडच्यांनीही. आणि घरी उलटंच झालं. बाबांचे डोळे तेव्हा मिटलेले होते. त्यांना वाटलं, मीच त्यांना ओढून नेलं. ‘वारा कुठून हाये हे हिले समजलं म्हनून वाचलो,’ ते आईला म्हणाले. ‘भरू दे हिले तिसऱ्या वर्साचा फॉर्म.’

मला दोन वर्षांपासून हेच ऐकायचं होतं. ऐकलं आणि जेवण जाईना. पंधरा दिवस मी रोज सकाळी ठरवायचे आणि रोज गप्प बसायचे. एका दुपारी बाबांच्या हातात चहाचा कप असताना सांगून टाकलं. ड्रम, पावडर, ओढून नेणारा हात, सगळं.

बाबांनी कप खाली ठेवला, देवरावकाकांना फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला.

‘देवराव, पोरगी म्हन्ते पावडर तिनं टाकली.’

‘कोन, प्रोफेसरबाई? खोटं बोलून राह्यली थे.’

‘थे कायले खोटं बोलन?’

‘मले काय मालूम? कॉलेजात शिकवत असन. म्याच टाकली भाऊ.’

‘घे शपथ.’

‘एवढ्याशा गोष्टीले शपथ कायले पायजे?’ काका म्हणाले.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, झालं, संपलं माझं कॉलेज.

‘फॉर्मची शेवटची तारीख कवा हाये?’ त्यांनी मला विचारलं. मी सांगितली. त्यांनी मान हलवली आणि फोनमध्ये म्हणाले, ‘सोमवारी ये. पोरगीबी राह्यन संगं. शेवाळाचं काम दुसऱ्या दिवशी, ड्रम धुतल्यावर.’

‘येतो. खोकला थांबला काय तुमचा?’

‘थांबला.’

बाबा फोन बंद करणार, तेवढ्यात आवाज आला, ‘भाऊ, ठेवून राह्यले काय?’

‘काहून?’

‘काही नाही. पंधरा दिवस झाले, वाजलाच नाही हा. मले वाटलं बिघडला. बोला नं दोन मिन्टं.’

बाबा फोनवर कामापुरतं अर्धं वाक्य बोलणारे. मग त्यांनी पायाने बाज ओढली आणि तिच्यावर बसले.

‘जेवला काय?’ त्यांनी विचारलं.

‘जेवलो. पिठलं होतं.’

‘कोनं केलं?’

‘कोन करन भाऊ,’ काका म्हणाले. ‘म्याच.’