टेलरची कात्री आणि दोन राखाडी पिशव्या

विमानतळाला घाबरणारी माणसं वेगळी. मी त्यातला नाही, हे आधीच सांगून ठेवतो! चौतीस वर्षं मी टेलरिंगचं दुकान चालवतोय. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात सहा शाळांचे युनिफॉर्म एकट्यानं कापलेत, दोनशे आयांची बोलणी खाल्लीत आणि पचवलीत. पहिल्यांदा परदेशी चाललो म्हणून काय झालं? विमानतळ माझं काय वाकडं करणार होता?

पण खरं सांगू? घरातून निघतानाच माझं डोकं तापलेलं होतं. कारण आमची मुलगी. ती परदेशात नोकरी करते, तिनं तिथल्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलाबद्दल माझी तक्रार नाही. छाती बेचाळीस, खांदे सरळ, चांगला मुलगा आहे. पण ही मला फोनवर म्हणते, "बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? मी ड्रेस रेडीमेड घेते."

रेडीमेड! टेलरच्या मुलीनं, स्वतःच्या लग्नात! त्यापेक्षा मला दुकानाला टाळं लावायला सांगितलं असतं तरी चाललं असतं.

"ड्रेस मी शिवणार," मी गरजलो. "माप पाठव!"

तिनं आरशासमोर उभं राहून स्वतःच टेप लावला आणि आकडे पाठवून दिले. आता स्वतःचं माप स्वतः घेणं म्हणजे स्वतःची दाढ स्वतः उपटणं. खाली वाकलं की उंची बदलते, श्वास ओढला की कंबर बदलते. हे माप चुकलेलं असणार, याची मला शंभर टक्के खात्री होती. म्हणून मी ड्रेस शिवताना प्रत्येक शिवणीत दीड इंच माया सोडली, म्हणजे तिकडे गेल्यावर सैल-घट्ट करता येईल. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचणार, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लग्न. मधली एकच संध्याकाळ माझ्या हातात होती. तेव्हा ड्रेसबरोबर माझी कात्री येणं भागच होतं.

ही कात्री मला शिकवणाऱ्या मास्तरांनी दिलेली. दहा इंची, लोखंडी, अजून रेशमातून पाण्यासारखी जाते. आमच्या धंद्यात कापडाची कात्री दुसऱ्याच्या हातात द्यायची नसते. बायकोनं एकदा या कात्रीनं कागद कापला तर मी दोन दिवस बोललो नव्हतो. ती कात्री मी विमानाच्या पोटात, कुणाच्याही सामानाखाली चेंगरायला देणार होतो होय? हातातल्या पिशवीतच घेतली.

पिशव्याही मीच शिवल्या होत्या. युनिफॉर्मचं उरलेलं राखाडी कापड, त्याच्या दोन सारख्या पिशव्या. एकीत ड्रेस आणि दुसरीत कात्री, टेप, दोरे.

"अहो, एकीला काहीतरी खूण करा," बायको म्हणाली. "लाल दोरा तरी बांधा."

"मी शिवलेली पिशवी मला ओळखू येणार नाही?"

"बरं," ती म्हणाली. आमच्या घरात ती 'बरं' म्हणाली की काही बरं होणार नसतं.

आता कपड्यांचं. लोकांना वाटतं टेलर झकपक राहत असेल. अहो, टेलरला स्वतःचं शिवायला वेळ कुठला? दुकानात एक गठ्ठा असतो. गिऱ्हाइकं कपडे शिवायला टाकतात आणि परत फिरकत नाहीत, त्यांचा. त्यातली कुणा बँक मॅनेजरची काळी पँट मी प्रवासासाठी काढली. कमरेला चार इंच सैल होती, पण पट्टा आवळला की कुणाला कळतंय!

मुलीनं तीन तास आधी पोचा म्हटलं होतं. आम्ही पाच तास आधी पोचलो. त्यातले दोन तास ज्या रांगेत उभे राहिलो, ती रांग भलत्याच देशाला जाणारी निघाली! पुढच्या माणसाला मी दोनदा विचारलं होतं, "ही तिकडचीच ना?" त्यानं दोन्ही वेळा मान हलवली. कानात त्याच्या गाणी चालू होती. असा संताप आला म्हणून सांगू!

खऱ्या रांगेत आणखी दीड तास उभं राहून शेवटी आमच्या काउंटरवर पोचलो. मोठ्या बॅगा गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, "हातातल्या सामानात धारदार काही?"

"चाकूबिकू नाही हो," मी म्हणालो. "आम्ही घरंदाज माणसं आहोत."

मग आली तपासणी. बायको बायकांच्या रांगेत गेली. माझ्यासमोर ट्रे आला. घड्याळ काढा, फोन काढा, पाकीट काढा. काढलं.

"पट्टा काढा," मशीनवरचा अधिकारी म्हणाला.

"पट्टा राहू द्या."

"सगळ्यांना काढावा लागतो."

काढला. उजव्या हातानं पँट धरली. माझा पट्टा ट्रेमधून पलीकडे निघून गेला आणि पलीकडे बायकोनं तो उचलून घेतला. मी अलीकडे, माझी अब्रू पलीकडे!

"पुढे या. हात वर करा."

"एकच करतो."

"दोन्ही."

"जमणार नाही."

"का?"

"खाजगी कारण आहे!"

हे ऐकताच त्यानं आणखी दोघांना बोलावलं. तिघं माझ्या पँटीकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू आत तोफ लपवलीय! मी म्हटलं, बघायचंय ना, बघा. केले दोन्ही हात वर. पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. मागच्या रांगेतलं एक पोर मोठ्यानं "आई, ते बघ!" म्हणालं, एवढ्यावरून समजून घ्या.

पँट परत वर घेतली, तर त्याचं यंत्र माझ्या कॉलरशी किंचाळायला लागलं. त्यानं कॉलर उलटली. खाली अकरा टाचण्या! टेलरच्या कॉलरखाली टाचण्या नसतील तर काय असणार? पण यांना पटेल तर शपथ. एकेक टाचणी काढून त्यानं मोजून ठेवली.

तेवढ्यात माझ्या दोन्ही पिशव्या त्याच्या टेबलावर आल्या. त्यानं एक उघडली आणि कात्री बाहेर काढली. अंगठा आणि एका बोटात धरून, मेलेला उंदीर धरतात तशी!

"हे काय?"

"कात्री. आणि ती खाली ठेवा! दुसऱ्याचा हात लागलेला मला चालत नाही!"

"ही विमानात नेता येणार नाही."

"अहो, मुलीच्या लग्नाचा ड्रेस आहे. उद्या संध्याकाळी तो कमी-जास्त करायचाय. दातानं कापू?"

"नियम आहे."

"नियम मलाही कळतात. तुमच्या शर्टाचा डावा खांदा पाऊण इंच उतरलाय, त्याला काही नियम आहे का?"

त्यानं नकळत खांद्याकडे बघितलं. मग मात्र त्याचा आवाज चढला. "दोन वाटा आहेत. एक तर कात्री या डब्यात टाका. नाहीतर पिशवी घेऊन बाहेर जा, काउंटरवर सामानात द्या आणि परत रांगेत या. लवकर करा, वेळ कमी आहे." कात्री त्यानं पिशवीत परत टाकली आणि दोन्ही पिशव्या माझ्यापुढे सरकवल्या.

माझी कात्री डब्यात! मी एका हातानं पँट सावरली, दुसऱ्या हातानं पिशवी उचलली आणि तरातरा निघालो. पलीकडून बायको ओरडत होती, "अहो! अहो, पिशवी!" मी मनात म्हटलं, पिशवीच तर नेतोय, ओरडते कशाला?

एका हातात पँट धरून पळणं सोपं नसतं. काउंटरवर पोचेपर्यंत मला तीन जणांनी स्वच्छतागृहाची वाट दाखवली.

"ही सामानात घ्या!" मी पिशवी काउंटरवर आदळली.

"आत काय आहे?"

"कात्री! तुमच्या लोकांना बघवत नाही ती!"

काउंटरवरच्या मुलीनं पिशवी चाचपली. "मऊ लागतेय."

"ताई, मला कापडातलं शिकवू नका! चिठ्ठी चिकटवा!"

तिनं चिकटवली. पिशवी सरकत सरकत भिंतीतल्या भोकातून दिसेनाशी झाली. मला काय समाधान वाटलं! ह्यांचा नियम पाळला आणि कात्रीही वाचवली. परतीच्या रांगेत मी पुढच्या-मागच्या चौघांना ही हकीकत सांगितली. माणसानं भांडायला शिकलं पाहिजे, असंही सांगितलं.

तपासणीशी पोचलो. तोच अधिकारी. टेबलावर माझी दुसरी पिशवी जशीच्या तशी. ती उचलून मी ऐटीत निघालो.

"थांबा," तो म्हणाला.

"आता काय? ह्यात फक्त ड्रेस आहे."

त्यानं पिशवी उघडली. हात आत घातला. दोन बोटांत धरून बाहेर काढली.

कात्री.

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. तो माझ्याकडे बघायला लागला. मी मात्र अजून कात्रीकडेच बघत होतो. म्हणजे जो ड्रेस मी क्षणभरही नजरेआड होऊ देणार नव्हतो, तो विमानाच्या पोटात, बिनकुलपाच्या कापडी पिशवीत! वर मीच चिठ्ठी चिकटवायला लावलेली! पलीकडे बायकोनं कपाळाला हात लावला. "तेच ओरडत होते मी," ती म्हणाली.

"मी परत जातो!"

"काउंटर बंद झालं," अधिकारी म्हणाला. खरं सांगतो, त्याचा आवाज आता मऊ झाला होता, आणि त्याचा मला जास्तच राग आला. "शेवटची सूचना चाललीय तुमच्या विमानाची. मुलीचं लग्न आहे ना?"

"तुमच्याकडे ठेवा. परतताना नेतो."

"तशी सोय नाही. पाहिजे तर मीच..."

"तुम्ही हात लावू नका!"

मी कात्री हातात घेतली. मूठ माझ्या अंगठ्याएवढी झिजलेली होती. मास्तर आठवले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लपवायचं काय त्यात? आलं. आणि हात काही त्या डब्याकडे जाईना. वर सूचना चालूच होती, त्यात आमच्या नावांची पार चिंधी करून हाका मारत होते.

बायको परवानगी काढून अलीकडे आली. "द्या इकडे."

"कापडाची कात्री दुसऱ्याच्या हातात..."

"मी दुसरी आहे?"

मी दिली. तिनं ती पदरानं पुसली आणि डब्यात ठेवली. टाकली नाही, ठेवली. मग पट्टा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "आता आवळा आणि पळा!"

आम्ही पळालो. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्यानं विचारलं, "कशासाठी जाताय?" मी म्हटलं, "आता मलाही कळत नाही!" बायकोनं "लग्नाला" सांगितलं म्हणून सुटलो. विमानात पुढचे अकरा तास मी नुसता धुमसत होतो. हवाईसुंदरीनं हसून विचारलं, "आपल्याला काही हवंय का?" मी "कात्री" म्हणायला तोंड उघडलं, तोच बायकोनं पायावर पाय दिला.

तिकडे उतरलो. बॅगा फिरत फिरत येत होत्या. सगळ्यांच्या आल्या, आमच्या आल्या, पिशवी येईना. राग होता तोवर बरं होतं, आता नुसती भीती उरली. मुलीच्या लग्नाला बाप रिकाम्या हातानं पोचणार आणि तिला ऐन वेळी दुकानात पळावं लागणार, रेडीमेडच्या! आणि मग एकदाची आली राखाडी पिशवी, कुणाच्या तरी बॅगेच्या चाकाचा काळा डाग पोटावर घेऊन. मी ती अशी उचलली की शेजारच्या बाईंना वाटलं आत बाळ आहे.

संध्याकाळी मुलीनं ड्रेस घातला, लग्नाचे बूट चढवले आणि समोर येऊन उभी राहिली. मी तिच्या घरातल्या चार टाचण्या दातात धरल्या आणि तिच्याभोवती फिरलो. खांदे बघितले, बरोबर. कंबर बघितली, बरोबर. गुडघे टेकून खाली बघितलं. जमिनीपासून अर्धा इंच वर, जिथं हवं तिथंच. आणखी दोन फेऱ्या मारल्या. कुठं बोट ठेवायला जागा सापडेना.

मी भडकलोच! ज्या दुरुस्तीसाठी मी अब्रू घालवली, कात्री घालवली, ती दुरुस्तीच नाही?

"हे माप घेतलं कुणी?" मी ओरडलो.

"मीच, बाबा. पाय जुळवून, श्वास सोडून, दोनदा. दुकानात तुम्ही माप सांगायचात आणि वहीत मी लिहायचे ना? एवढी वर्षं बघितलंय." मग तिनं जरा घाबरत विचारलं, "खूप चुकलंय का?"

ती माझ्याकडे बघत होती. मी एवढ्या लांबून आलो होतो. टाचण्या अजून दातातच होत्या.

"तळाला पाव इंच जास्त आहे," मी म्हणालो. "काढ तो. आणि कात्री असेल ती आण."

तिनं नखं कापायची कात्री आणून दिली. मी जमिनीवर बसून वीतभर दुमड उसवली आणि तिथल्या तिथं, त्याच भोकांतून, परत शिवली. बायको शेजारी चहा घेऊन उभी होती. "किती कमी केलंत?" तिनं विचारलं.

"पाव इंच."

"दिसत नाही ते."

"दिसलं तर काम कसलं!"

मुलीनं ड्रेस परत घातला, आरशासमोर गिरकी घेतली आणि म्हणाली, "बघा! आता कसा अगदी बरोबर झाला. मघाशी पायात येत होता!"

आता तुम्हीच सांगा, एवढ्या सफाईनं खोटं बोलायला ही पोरगी कुणाकडून शिकली? माझ्याकडून तर नक्कीच नाही!