टोपल्याखालचे ठसे

बुधवारा मोहल्ल्यातल्या नितीनच्या बैठकीत समुद्र होता. दोन फूट लांब, सव्वा फूट उंच, पण समुद्रच: खारं पाणी, पार्सलने मागवलेले प्रवाळ, दोन नारिंगी मासे आणि पाठीवर शंख घेऊन फिरणारा एक खेकडा. तापीकाठच्या माणसाला ही अवदसा कुठून आठवली, असं सगळी गल्ली विचारायची. नितीनचे वडील हिरामण तर रोज विचारायचे.

खरं दुखणं दिव्याचं होतं. पहिला पांढरा दिवा लावला तर काचेवर शेवाळाचं रान माजलं. दुसरा काचेच्या झाकणावर ठेवला, तर झाकणावर मीठ साचलं, उजेड खाली पोचेना आणि प्रवाळ मलूल झाले. शेवटी सहा महिने व्हिडिओ बघून बघून नितीनने छताला टांगायचा निळा एलईडी आणला आणि झाकणच काढून टाकलं. प्रवाळ फुलले. पण दिवेलागणीला सगळी बैठक निळी पडायची, भिंतीवर लाटा हलायच्या आणि समोर बसलेल्या माणसाचे दात तेवढे चमकायचे.

"घर हाय का मुर्दाघर?" हिरामण ओरडायचे. "हटाव ते डबं!"

आणि चैत्रात हिरामणच गेले. बैठकीतल्या पलंगावर, झोपेतच.

त्यांचे धाकटे भाऊ कौतिककाका चांदनी गावाहून मुक्कामाला आले. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी भावाच्या निळ्या पडलेल्या फोटोकडे पाहिलं आणि फैसला सुनावला, "दहावं झालं की हे पाणी नालीत. दादाची आखरी इच्छा होती."

"काका, जीव आहेत हो त्याच्यात!"

"मंग दादात काय होतं?"

दोन वर्षं नितीनने त्या टाकीला पोटच्या पोरासारखं जपलं होतं. मे महिन्यात स्वतः घामाने भिजून टेबलफॅन तिच्याकडे तोंड करून ठेवला होता. तो रडकुंडीला आला.

नवव्या दिवशी संध्याकाळी रिवाजाप्रमाणे बैठकीतच पीठ मांडलं. मेलेल्या माणसासाठी लावलेल्या दिव्याशेजारी पीठ पसरायचं, टोपलं पालथं घालायचं आणि सकाळी ठसे बघायचे, की माणूस कोणत्या जन्माला गेला. भागीरथीबाईंनी नवऱ्यासाठी स्वतः पीठ चाळलं, पसरलं, टोपलं घातलं. काकांनी वर वरवंटा ठेवला.

सकाळी काकांनी टोपलं उचललं आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला. पिठात बारीक टोचल्याच्या दोन रांगा होत्या आणि त्यांच्या मधून काहीतरी जड ओढत नेल्याचा चर. मधे मधे पीठ ओलं होतं. काकांनी बोट जिभेला लावलं.

"खारट!"

सगळ्यांच्या माना टाकीकडे वळल्या. खेकडा दगडाच्या टोकावर बसून, डोळे बाहेर काढून त्यांच्याकडेच बघत होता.

काकांनी हात जोडले. "दादा! अरे, तुले नालीत टाकत होतो रे मी!"

टाकी वाचली! नितीन मनातल्या मनात नाचला आणि शहाण्यासारखा गप्प बसला. घाटावर दहावं आटोपून मंडळी परत आली तोवर त्याची बायको वर्षा हैराण झाली होती. काचेवर हळद-कुंकू लागलं होतं. शेजारणी पाया पडून गेल्या होत्या. आणि आता काका हातात बशी घेऊन बिनझाकणाच्या टाकीवर वाकले होते.

"काका, काय करताय?"

"दादाले चहा लागते ना या टायमाले."

"थांबा!" नितीन किंचाळला. "सगळे मरतील! तो साधा खेकडा आहे. झाकण काढलं ना मी, म्हणून बाहेर पडला असेल. टोपल्याच्या फटीतून शिरला असेल."

काकांनी शांतपणे विचारलं, "खेकडे किती हायत?"

"एकच."

"मंग परत आत कसा गेला?"

नितीनने कमरेइतकं उंच स्टँड पाहिलं, वरची गुळगुळीत काच पाहिली. खाली पडलेला खेकडा जन्मात वर चढणार नाही, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? काकांनी बशी मागे घेतली.

"रागावला वाटते दादा. नको चहा."

नितीन तडक स्वयंपाकघरात गेला. "आई, खरं सांग. टाकी वाचावी म्हणून ते ठसे तू काढलेस ना?"

भागीरथीबाईंनी दाराबाहेर डोकावून पाहिलं. "काढले बाप्पा. कोणाले सांगू नको."

नितीनचा जीव भांड्यात पडला. तो हसायलाच लागला. "काय हुबेहूब काढलेस गं! अगदी खेकड्याचे!"

"खेकड्याचे कायले काढीन?" भागीरथीबाई कुजबुजल्या. "गाईची खुरं काढली होती मी. चांगल्या जन्माले जावा माणूस म्हणून. टोपलं घालायच्या आधी, या दोन बोटांनी. सकाळी पाहते तं खुरं गायब, अन् हे."

बैठकीतून वर्षाची हाक आली, "अहो, टाकीतला पंप अडकलाय. हात घालून सोडवा ना जरा!"

नितीनने दोन्ही हात काखेत घट्ट दाबले.

"काकांना सांग," तो म्हणाला. "त्यांचा सख्खा भाऊ आहे."