दमामुक्त सोसायटी

धामणकर नाक्याजवळच्या शीतलछाया सोसायटीत कुणालाही दमा नव्हता. इमारतीच्या पाठीला लूमचे कारखाने होते, खिडक्यांच्या जाळ्यांवर रुईची पांढरी लव साचायची आणि सकाळी जिन्यातून खोकल्याचे नाना प्रकार ऐकू यायचे; पण त्याला सगळे ‘हवा बदललीय’ असं म्हणत. अशा निरोगी इमारतीत, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या हरीभाऊ गद्र्यांना एकट्यांनाच दमा व्हावा, हे त्यांचं त्यांनाच उद्धटपणाचं वाटलं.

डॉक्टर निवेदितांनी समजावून सांगितलं होतं. श्वासनलिकांना आतून सूज आहे. पंपातलं औषध थेट तिथं पोचतं आणि ती उतरवतं. मात्र रोज घ्यायचं, बरं वाटलं तरी घ्यायचं, वर चूळ भरायची. शिवाय अडीनडीला एक निळा पंप खिशात ठेवायचा. हरीभाऊंना सूचना पाळायला आवडत. ते सकाळ-संध्याकाळ गॅलरीत उभे राहून औषध ओढू लागले. हळूहळू जिना न थांबता चढता येऊ लागला, पडून वाचता येऊ लागलं.

मग एके दिवशी समोरच्या गॅलरीतून सेक्रेटरी भूपेशनं पाहिलं.

“काका, हे काय चाललंय?”

“औषध घेतोय.”

“अहो, आपण ‘दमामुक्त इमारत’ स्पर्धेत उतरलोय. बोर्ड मिळाला तर सोसायटीची शान वाढेल. आणि तुम्ही इथं खुल्लमखुल्ला पंप मारताय.”

“पण मला दमा आहे.”

“असू दे ना. नाही कोण म्हणतंय? फक्त दिसायला नको.”

समितीची तातडीची बैठक झाली. पहिल्या मजल्यावरच्या आक्का म्हणाल्या, “पंप एकदा लागला की सुटत नाही. आमच्या चुलतदिरांचा शेवटपर्यंत नाही सुटला.”

“कशानं गेले ते?” हरीभाऊंनी भीत भीत विचारलं.

“ट्रकखाली.”

ठराव झाला : ‘श्वसनविषयक उपकरणाचा वापर संबंधित सदस्याने तळमजल्यावरील मीटररूममध्ये, दार लावून करावा.’ हरीभाऊंनी समितीचे आभार मानले.

मीटररूममध्ये भूपेशच्या कारखान्यातल्या तुटक्या सुताच्या गोण्या रचलेल्या होत्या. हरीभाऊ औषध घ्यायला आत जात आणि खोकत बाहेर येत. यावरून औषधानंच खोकला वाढतो, अशी समितीनं नोंद घेतली. सबब बरं वाटत असताना औषध घेऊ नये, असा दुसरा ठराव झाला. आणि बरं वाटत नसताना, सोसायटीच्या लौकिकास बाधा येत असल्यानं, घराबाहेर पडू नये असा तिसरा. हरीभाऊंनी रोजचं औषध बंद केलं. थोड्याच दिवसांत त्यांची छाती पुन्हा वाजू लागली.

“पुस्तकात एक शब्द चुकला तर लेखकाला पत्र लिहिता,” त्यांच्या पत्नी सुचेताबाई म्हणाल्या, “आणि इथं जीव चाललाय तर आभार मानता.”

“एवढे सगळे म्हणताहेत. मीच चुकत असेन.”

“मग श्वासही त्यांनाच घ्यायला सांगा.”

परीक्षक येण्याच्या दिवशी, हवा शुद्ध वाटावी म्हणून, भूपेशनं मजल्यामजल्यावर धूप पेटवला. धूर दाराखालून आत आला. हरीभाऊंचा श्वास घशाशी अडकला. निळा पंप मुठीत धरून, कठड्याला टेकत टेकत ते खाली उतरले. एवढ्या घाईतही मीटररूमचाच नियम त्यांनी पाळला. दाराला आतून कडी होती.

कडी निघाली. दारात भूपेश उभा होता. त्याच्याही हातात निळा पंप होता.

“मी मीटर बघायला आलोय,” तो म्हणाला.

मागं गोणीवर आक्का बसल्या होत्या. औषध ओढून त्यांनी श्वास रोखून धरला होता, म्हणून ‘जरा थांबा’ असं हातानंच सांगितलं.

हरीभाऊंनी आधी आपला पंप ओढला. छाती सैल झाल्यावर म्हणाले, “आक्का, तुम्ही तर म्हणाला होतात, सुटत नाही.”

“मग?” आक्कांनी श्वास सोडला. “सुटत नाही म्हणून तर लपवावं लागतं.”

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर परीक्षक उभे होते. चेहरा लाल झालेला, एक हात खिशात.

“इथं जरा फोनला रेंज मिळेल का?” त्यांनी धापा टाकत विचारलं.

सगळे थोडे थोडे सरकले आणि परीक्षकांना गोणीवर जागा करून दिली.

शीतलछायेला बोर्ड मिळाला. संध्याकाळी त्याखाली फोटोसाठी सगळे उभे राहिले. हरीभाऊंची औषधाची वेळ झाली होती. मीच चुकत असेन, असं त्यांना सवयीनं वाटलं. पण श्वास नीट चालू असल्यानं तो विचार फार टिकला नाही. त्यांनी खिशातून रोजचा पंप काढला आणि भर फोटोत तोंडाला लावला.

तो फोटो आता सोसायटीच्या ऑफिसात टांगलेला आहे. बघणारे विचारतात, हे काका शिट्टी का वाजवताहेत? भूपेश सांगतो, जुने वॉचमन आहेत.

कुणाला शंका येत नाही. तुम्हालाही आली नसती. तुमच्या कपाटात, पावडरच्या डब्यामागं, रुमालात गुंडाळून ठेवलेली आहे ना, तीही शिट्टीच असणार.